दोन रेषांमधली जागा: आपली गल्ली कागदावर कशी उतरवायची

एकतीस वर्षं मी नागपूरच्या धंतोलीतल्या आर्किटेक्टांच्या ऑफिसांमध्ये ड्राफ्टिंग केलं. किती घरांचे नकाशे काढले याची मोजदाद नाही. प्रत्येक नकाशात प्लॉटची इंचन् इंच जागा असायची: जिन्याच्या पायऱ्या, संडासाचं भांडं, बोअरिंग, सेप्टिक टँक. प्लॉटची हद्द संपली की दोन समांतर रेषा मारायच्या आणि मध्ये लिहायचं, ‘९.०० मी. रुंद रस्ता’. त्या दोन रेषांमध्ये काय आहे ते मी कधी काढलं नाही. कोणी मागितलंही नाही.

रिटायर झाल्यावर मी तेच काढायला घेतलं. आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली कॉलनी, दक्षिण-पश्चिम नागपुरातला. रस्ते काटकोनात, प्लॉट तीस बाय पन्नासचे, कोपऱ्यात एक ‘ओपन स्पेस’. दोन वर्षांपासून रविवारी सकाळी शेजारची आठ-दहा माणसं आणि शाळेतली पोरं मिळून आम्ही आमच्या गल्ल्या मोजतो. पहिल्या दिवशी मी टेप घेऊन रस्त्यात वाकले होते, तेव्हा समोरच्या घरातली मुलगी गेटवर येऊन म्हणाली, “काकू, हे काय मोजून राहिल्या? रस्ता विकायचा आहे का?” तिलाच टेपचं दुसरं टोक धरायला दिलं. आज ती आमच्यात सगळ्यात नेटका नकाशा काढते.

आपल्या मोहल्ल्याबद्दल महानगरपालिकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये किंवा बिल्डरशी बोलायला जाणाऱ्याकडे तक्रार असते, पण कागद नसतो. तो कागद कसा तयार करायचा ते सांगते. दोन रविवार आणि कामाच्या दिवसाची एक संध्याकाळ, एवढ्यात होतं.

हे सगळं कुठून आलं

थोडी मागची गोष्ट लागेल, कारण पुढच्या प्रत्येक पायरीमागे कोणी तरी डोकं लावलेलं आहे.

१९३३ साली युरोपातले आधुनिक आर्किटेक्ट मार्सेहून अथेन्सला निघालेल्या जहाजावर जमले. शहराची कामं चार, असं त्यांनी ठरवलं: राहणं, काम करणं, विरंगुळा आणि वाहतूक. ही चारही कामं एकमेकांतून सोडवायची आणि प्रत्येकाला आपापली जागा द्यायची. पुढे १९४३ साली त्यांच्यातल्याच ल कॉर्ब्युझिए या आर्किटेक्टनी ‘अथेन्सची सनद’ म्हणून ते विचार छापले. त्यांचा हेतू चांगला होता. गिरण्यांचा धूर, अंधाऱ्या खोल्या, कोंदट गल्ल्या त्यांनी पाहिल्या होत्या आणि माणसाला ऊन, वारा, हिरवळ मिळावी असं त्यांना वाटत होतं. पण इतवारीकडच्या कोष्ट्याच्या जुन्या घराला या चारांपैकी कोणतं खातं द्याल? पुढच्या खोलीत माग, मागे स्वयंपाक, दारात सूत वाळत घातलेलं, त्याच दारात पोरं खेळतायत. आपल्या विकास आराखड्याच्या नकाशात राहण्याच्या भागाला पिवळा रंग असतो, उद्योगाला जांभळा. त्या घराला द्यायला रंगच नाही.

१९६० नंतर हा प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारायला घेतला. अमेरिकेतले नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी माणसांच्या डोक्यातलं शहर तपासलं. जेन जेकब्ज या पत्रकार बाई, आर्किटेक्चरची पदवी नसलेल्या. आपल्या न्यूयॉर्कच्या गल्लीकडे खिडकीतून वर्षानुवर्षं बघत त्यांनी १९६१ साली जे लिहिलं, त्यानं नगररचनेची भाषा बदलली. त्यानंतर आर्किटेक्ट क्रिस्टोफर अलेक्झांडर, इटलीचे आर्किटेक्ट आल्दो रोस्सी, डेन्मार्कचे आर्किटेक्ट यान गेल, न्यूयॉर्कच्या मोकळ्या जागांचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट. सगळे एकमेकांशी सहमत नव्हते. पण सगळ्यांनी नजर इमारतीवरून काढून दोन इमारतींच्या मधल्या जागेवर आणली.

कागद आणि माप

लागेल ते एवढंच: ट्रेसिंग पेपर, ग्राफ पेपर, एचबी पेन्सिल, बारीक टोकाचं काळं पेन, पंधरा मीटरचा टेप आणि दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा. ब्लेड कशाला ते शेवटी कळेल.

मोबाइलवरचा उपग्रहाचा नकाशा छापून घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. झाडाखालचं त्यात काही दिसत नाही. माप १:५०० घ्या. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पाच मीटर. नऊ मीटरचा रस्ता १.८ सेंटिमीटर होतो आणि तीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट साधारण १.८ बाय ३ सेंटिमीटर. ए-थ्री कागदाच्या लांबीत दोनशे मीटरची गल्ली जेमतेम मावते. त्याहून मोठा भाग पहिल्या वेळी घेऊ नका. पूर्ण लेआउट काढायला निघालेले लोक मी अर्ध्यावर सोडताना पाहिले आहेत.

टेप प्रत्येक ठिकाणी लावायची गरज नाही. वीस मीटर मोजून खडूनं दोन खुणा करा, त्यावरून तीन वेळा नेहमीच्या चालीनं चाला आणि पावलांची सरासरी काढा. तेच तुमचं माप. प्लॉट सरळ रेषेत असल्यामुळे चूक झाली तरी पुढच्या कंपाउंड वॉलला सापडते.

आधी दुसऱ्यांच्या डोक्यातला नकाशा

स्वतःचं मोजमाप सुरू करण्याआधी दहा जणांना कोरा कागद द्या आणि म्हणा, “इथून भाजी आणायला जाता ती वाट काढून दाखवा.” एवढंच विचारायचं. चुकलं तर दुरुस्त करायचं नाही, नाव सुचवायचं नाही. शाळकरी पोरगं, कामाला येणारी मावशी, गाडीशिवाय न हिंडणारे काका, गुडघे दुखणारी आजी, सगळे घ्या.

लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजलिस या तीन शहरांत लोकांना असंच बोलतं केलं, नकाशे काढायला लावले. त्यातून त्यांना पाच गोष्टी पुन्हा पुन्हा सापडल्या: वाटा, कडा, भाग, माणसं जिथे एकत्र येतात त्या गाठी, आणि खुणा. नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या शहराची सगळ्यात मोठी कड म्हणजे रेल्वेची लाइन. तिच्यामुळे पूर्व नागपूर आणि पश्चिम नागपूर अशी दोन गावं डोक्यात होतात, आणि लोहापुलाखालून किंवा रामझुल्याच्या पुलावरून गेलं की माणूस “तिकडे गेलो होतो” म्हणतो. व्हरायटी चौक ही गाठ. सीताबर्डीची टेकडी, दीक्षाभूमीचा घुमट, झिरो माइलचा दगड या खुणा. महाल म्हटलं, धरमपेठ म्हटलं की भाग डोळ्यापुढे उभा राहतो. त्यांच्या हद्दी कोणत्या रस्त्यावर संपतात यावर मात्र घरोघरी वाद होतो.

गल्लीच्या पातळीवर याच पाच गोष्टी लहान होऊन सापडतात. आमच्या दहा नकाशांत काय आलं ते सांगते. गल्लीच्या तोंडाशी सिमेंटची कमान आहे, वर नाव आहे, रात्री दिवे लागतात. ती एकानंही काढली नाही. कडुनिंब आठ जणांनी काढला आणि त्या आठांपैकी सहा जणांनी त्याखाली इस्त्रीची गाडी काढली. एका चौथीतल्या मुलानं तर गाडीवरच्या कोळशाच्या इस्त्रीतून निघणारा धूरसुद्धा काढला होता.

इस्त्रीवाले दादा सकाळी आठला येतात, दिवेलागणीला जातात. तीन घरांच्या किल्ल्या त्यांच्याजवळ असतात. कुरिअर त्यांच्याकडे ठेवतात. शाळेची व्हॅन उशिरा आली की पोरं त्यांच्या गाडीशी उभी राहतात. साठ वर्षांपूर्वी जेकब्ज यांनी आपल्या गल्लीतल्या दुकानदाराबद्दल हेच लिहिलं होतं: शेजारी बाहेरगावी जाताना किल्ली त्याच्याकडे ठेवून जातात, कारण तो ओळखीचा असतो पण कोणाच्या घरात नाक खुपसत नाही. न्यूयॉर्कचं उदाहरण वाचताना मला आमचा कडुनिंब दिसत होता. सरकारी नकाशात मात्र त्या जागेवर ‘९.०० मी. रुंद रस्ता’ यातला एखादा अनुस्वार असेल.

काळं आणि पांढरं

आता पहिला खरा नकाशा. १७४८ साली जाम्बातिस्ता नोल्ली यांनी रोमचा नकाशा केला. त्यात घरं गडद आणि रस्ते पांढरे आहेत, पण चर्चच्या आतली जागासुद्धा पांढरी आहे, कारण तिथे कोणालाही जाता येतं. दोनशे वर्षांनी, आधुनिक शहरांना कंटाळलेल्या लोकांनी तो नकाशा पुन्हा बाहेर काढला आणि शिकवायला घेतला.

आपल्या गल्लीसाठी मी एकच कसोटी लावते: संध्याकाळी सात वाजता, कोणाला न विचारता, एखादी अनोळखी बाई तिथे जाऊन दोन मिनिटं उभी राहू शकते का? राहू शकत असेल तर जागा पांढरी. नसेल तर काळी. कागदावर ती जागा कोणाच्या मालकीची आहे याला इथे महत्त्व नाही. मंदिराचा सभामंडप पांढरा. किराणा दुकानाची पायरी पांढरी. पानठेल्यापुढची जागा पुरुषांना पांढरी वाटते, आमच्या गटातल्या मुलींनी ती काळी केली. आम्ही करडी ठेवली आणि त्यावर अर्धा तास बोललो. असा अर्धा तास टाळू नका.

आमचा ‘ओपन स्पेस’ म्हणजे लेआउट मंजूर होताना सगळ्यांसाठी राखलेली जागा. तिथे छान बगिचा आहे, झोपाळे आहेत, आणि गेटला कुलूप आहे. सकाळी दोन तास उघडतं. संध्याकाळी सातच्या कसोटीत तो बगिचा पूर्ण काळा झाला. ट्रेसिंगवर पेन फिरवताना माझा हात थांबला होता. लेआउटमधली सगळ्यात मोठी मोकळी जागा काळी, आणि सगळ्यात मोठी पांढरी जागा कचऱ्याच्या गाडीच्या वळणावर.

तळमजला मीटरनं मोजा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

माझं माहेर जुन्या शुक्रवारीतलं. घराला रस्त्याच्या बाजूनं ओटा होता, दीड हात रुंद, बसलं तर पाय रस्त्यावर टेकायचे. संध्याकाळी आई तांदूळ निवडत तिथे बसायची. शेजारची काकू तिच्या ओट्यावर. दोघींच्या मध्ये फक्त पाण्याचा नळ. गल्लीतून कोण गेलं, कोणाचं पोर रडलं, कोणत्या घरी पाहुणे आले, हे तांदूळ निवडता निवडता कळायचं. जेकब्ज यांनी ‘रस्त्यावरचे डोळे’ म्हटलं ते हेच. पाळत ठेवणं वेगळं. हे डोळे दुसऱ्याच कामात असतात, म्हणूनच त्यांचा जाच होत नाही.

आता आमच्या लेआउटमध्ये चला. जुनी घरं पाडून फ्लॅट स्कीम होतायत. तळाला पार्किंग, वर तीन किंवा चार मजले. रस्त्यावरून बघितलं तर खांब, गाड्या, लिफ्टचं दार, आणि समोर जाळीचं मोठं गेट. माणूस पहिल्यांदा दिसतो तो पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत, तीही बहुतेक ठिकाणी काच लावून बंद केलेली. असे पार्किंगचे मजले मी स्वतः काढले आहेत. एक फाइल उघडायची, खांबांची जागा प्लॉटप्रमाणे हलवायची, गाड्यांचे चौकोन बसवायचे, प्रिंट द्यायची. एका ऑफिसात तर तीन महिन्यांत एकाच रस्त्यावरच्या चार स्कीम माझ्या हातून गेल्या. त्या चारही एकमेकींच्या शेजारी आहेत हे मला कधी दिसलं नाही, कारण प्रत्येक शीटवर एकच प्लॉट असायचा. पुढे एकदा मैत्रिणीला भेटायला त्या रस्त्यानं रात्री चालत गेले. साठ-सत्तर पावलं एका बाजूला नुसत्या अंधारात उभ्या गाड्या होत्या. मी झपझप चालायला लागले आणि तेव्हा आठवलं, हे सगळं मी काढलेलं आहे.

म्हणून हे मोजा. नकाशावर रस्त्याच्या दोन्ही कडांना पाच मिलिमीटरची पट्टी ठेवा. चालत जाऊन प्रत्येक प्लॉटच्या तळमजल्यावर रस्त्याकडे काय आहे ते लिहा: उघडं दार, खिडकी, दुकान, ओटा किंवा पायऱ्या, आतलं दिसणारं गेट, कोरी भिंत, पार्किंग. सात रंगाच्या पेन्सिली घ्या आणि मीटरप्रमाणे रंगवा. नंतर रात्री नऊ वाजता पुन्हा जा आणि ज्या खिडकीतून उजेड आणि माणूस दोन्ही दिसतं तिथे टिंब द्या. यान गेल यांचं म्हणणं आहे की पाचव्या मजल्याच्या वर गेल्यावर घराचा रस्त्याशी संबंध तुटतो. खालच्या दोन-तीन मजल्यांवरून हाक मारता येते, चेहरा ओळखता येतो. आमच्याकडच्या स्कीम तीन-चार मजल्यांच्याच आहेत, म्हणजे अजून काही करता येण्यासारखं आहे.

काय करता येईल? पार्किंग सोडा असं मी कोणाला सांगत नाही, ते नियमात आहे आणि गाड्याही आहेत. पण कंपाउंड वॉल खांद्याइतकी उंच कशाला? कमरेइतकी ठेवा, वर जाळी लावा, बाहेरच्या बाजूला बसण्याइतका कट्टा द्या. चौकीदाराची खोली मागच्या कोपऱ्यात न टाकता गेटच्या बाजूला, रस्त्याकडे खिडकी देऊन काढा. जिना पुढे घ्या आणि त्याला जाळीची भिंत द्या, म्हणजे चढणारा-उतरणारा माणूस रस्त्याला दिसतो. नकाशा मंजुरीला जाण्याआधी या तीन गोष्टी तुमच्या आर्किटेक्टला विचारा. पायाच्या खड्ड्यात पाणी साचल्यावर विचारून उपयोग नाही.

आणि ओटा जुन्या वाड्यांबरोबर संपला असं समजू नका. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी घर आणि रस्ता यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी ठेवली, लोकांना तिथे ओटा, पायऱ्या, बाल्कनी आपल्या मनाप्रमाणे करता यावी म्हणून. गरिबांसाठीच्या त्या वसाहतीला १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला.

एक सावधगिरी. रचना बदलली की सगळं बदलतं असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. अमेरिकेत सेंट लुईस शहरात प्रुइट-आयगो नावाची वसाहत होती, अकरा मजल्यांच्या ३३ इमारती. १९७२ पासून ती पाडायला घेतली, आणि ‘आधुनिक वास्तुकला त्या दिवशी मेली’ असं पुढे म्हटलं गेलं. पण त्या इमारतींची देखभाल भाडेकरूंच्या भाड्यातून व्हायची होती, शहरातून माणसं निघून चालली होती, भाडं येत नव्हतं, लिफ्ट बंद पडत होत्या. सगळा दोष नकाशाला देणं सोपं. नकाशा काढणाऱ्या बाईला हे सांगावंसं वाटतं.

बसा आणि मोजा, पण सावलीत

विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कचे लहान लहान चौक कॅमेऱ्यानं टिपले आणि महिनोन्‌महिने बघितले. लोक कुठे बसतात? जिथे बसायला जागा असते तिथे. हे वाचून तुम्ही हसाल, पण आपल्या गल्लीत बसायला काय आहे ते मोजा म्हणजे हसू जाईल. आमच्या दोनशे मीटरमध्ये एक दुकानाची पायरी आणि कडुनिंबाखालचा एक पालथा घातलेला सिमेंटचा पाइप.

पद्धत अशी. एका जागी बसा. दर तासातली दहा मिनिटं मोजा आणि चालणाऱ्यांचा आकडा सहानं गुणा. चालणारे, उभे असलेले आणि बसलेले वेगवेगळे लिहा. बाया, पुरुष, मुलं, म्हातारी माणसं यांचे वेगळे रकाने करा. उभं राहून बोलणारे किती, हा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यांना बसायला दिलं तर ते बसतील.

बाहेरच्या पुस्तकांतली एक गोष्ट मात्र इथे उलटी करून घ्यावी लागते. तिकडे लोक उन्हाची जागा शोधतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो; दुपारी बारा ते पाच रस्त्यावर माणूस नाही म्हणून गल्ली मेली असा निष्कर्ष काढू नका. उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा मोजा. दुपारी वेगळंच काम करा: सावली काढा. अकराला आणि चारला गल्लीतून जाऊन सावलीची कड पेन्सिलीनं नकाशावर उतरवा. गल्ली उत्तर-दक्षिण असेल तर चारला पश्चिमेच्या रांगेतल्या घरांची सावली रस्त्यावर येते, म्हणून संध्याकाळचा कट्टा त्या बाजूला हवा. दोन्ही वेळा सावलीत असलेल्या जागा जाड रेषेनं घेरा. आमच्याकडे अशी एकच जागा निघाली. इस्त्रीवाल्या दादांना ती आमच्या आधीपासून माहीत होती.

रस्त्याचा उभा छेद

ही पायरी मी पुस्तकांतून घेतलेली नाही, नागपूरच्या पावसानं शिकवली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांमध्ये जे पाणी शिरलं ते ज्यांनी बघितलं त्यांना समजेल. सिमेंटचे रस्ते होताना अनेक गल्ल्यांत रस्ता वर आला आणि जुन्या घरांचं जोतं खाली राहिलं.

१:५० च्या मापात एक छेद काढा, म्हणजे रस्ता एका घरापासून समोरच्या घरापर्यंत कापून बाजूनं बघितल्यासारखं चित्र. नऊ मीटरचा रस्ता बरोबर अठरा सेंटिमीटर होतो. पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी करतात तशी, रस्त्याची पातळी समोरासमोरच्या दोन घरांच्या गेटवर न्या आणि जोत्याशी फरक मोजा. झाडाचा बुंधा, त्याभोवती किती माती उघडी आहे, गडर लाइनचं झाकण, विजेचा खांब, सगळं काढा. आमच्या कडुनिंबाच्या बुंध्याला सिमेंट पार टेकलं होतं. छेदात ते काढल्यावर कॉलनीतल्या शेतकीच्या रिटायर्ड काकांनी स्वतः छिन्नी घेऊन हातभर रुंद कडं मोकळं केलं.

चार प्रश्न, आणि एक कोपरा

जेकब्ज यांनी जिवंत रस्त्यासाठी चार अटी सांगितल्या. वेगवेगळ्या वेळी माणसं आणणारे वेगवेगळे उपयोग, लहान ब्लॉक, नव्याबरोबर जुन्याही इमारती, आणि पुरेशी दाट वस्ती. तुमच्या नकाशावर हे चार प्रश्न म्हणून लिहा. दुसऱ्याकडे जरा नीट बघा. मॅनहॅटनचे ८०० फूट लांब ब्लॉक त्यांना खुपत होते, कारण वळायला जागाच नाही, सगळे एकाच रस्त्यानं जातात आणि मागची गल्ली सुनी पडते. इतवारीत दर काही पावलांवर बोळ फुटतो, म्हणून सराफ्यात जाण्याच्या दहा वाटा असतात. तिसऱ्याचं कारण सरळ आहे: नव्या गाळ्याचं भाडं चप्पल शिवणाऱ्याला आणि पिठाच्या गिरणीला परवडत नाही.

अलेक्झांडर यांनी १९६५ साली लिहिलेल्या निबंधात एक कोपरा आहे. बर्कलीमधल्या चौकात औषधाचं दुकान, बाहेर वर्तमानपत्रांचा स्टँड, समोर सिग्नल. सिग्नल लाल असताना थांबलेली माणसं पेपरांचे मथळे वाचतात, कोणी विकतही घेतात. दुकान, स्टँड आणि सिग्नल यांची तीन खाती वेगळी, पण तो कोपरा तिघांचा मिळून होतो. शहराच्या रचनेला झाडासारखी फांदी-उपफांदी समजणाऱ्या नियोजनावर त्यांचा आक्षेप होता, चंदीगडवरही. तुमच्या गल्लीत असे कोपरे शोधा, वर्तुळ करा आणि प्रत्येक वर्तुळात लिहा: यातली कोणती वस्तू हलवली तर बाकीच्या पडतील? आमच्याकडे उत्तर होतं, झाड.

जुन्या वस्तीत राहत असाल तर एक प्रश्न जास्तीचा. आल्दो रोस्सी म्हणायचे की इमारतीचं काम बदलतं, तिचा आकार टिकतो आणि शहर त्याभोवती वाढतं. पादुआच्या जुन्या न्यायसभेखाली आजही बाजार भरतो. आपल्या इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी या नावांत आठवड्याचे बाजार आहेत. कुठे वार सुटले, पण अरुंद लाइनी आणि दुकानांच्या फळ्या त्याच. रुंदीकरणाची रेषा पडण्याआधी असं काय टिकलेलं आहे ते नोंदवून ठेवा.

एक पान, एक मागणी

विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे हरकती व सूचना मागवतात. नोटिशीत मुदत दिलेली असते. तिच्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. आराखड्याची वाट न बघता वॉर्डाच्या ऑफिसात, सोसायटीत हाच कागद चालतो. मजकूर एका पानाचा ठेवा: वर नकाशा, खाली तीन आकडे, शेवटी एकच मागणी. आम्ही पहिल्या वेळी अकरा मागण्या लिहिल्या होत्या. टेबलामागच्या साहेबांनी पहिलीवर बोट ठेवून विचारलं, “नेमकं काय पाहिजे?” आणि आमच्यातले चार जण चार वेगवेगळ्या गोष्टी बोलले.

दुसऱ्या वेळी आम्ही फक्त बगिच्याचं कुलूप मागितलं. काळा-पांढरा नकाशा जोडला, संध्याकाळी सहा ते आठमध्ये गल्लीत उभी राहणारी माणसं किती ते लिहिलं, आणि गेट उघडण्या-लावण्याची जबाबदारी आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरांनी सही करून घेतली. दोन महिने लागले. आता गेट रात्री नऊपर्यंत उघडं असतं. मंगळवार आमच्या घराकडे आहे.

नकाशात बदल झाला की नवा कागद घेऊ नका, जुनाच दुरुस्त करा म्हणजे काय होतं आणि काय झालं ते एकाच ठिकाणी राहतं. ट्रेसिंगवरची शाई खोडरबरानं जात नाही. अर्ध ब्लेड जवळजवळ आडवं धरायचं आणि एकाच दिशेनं हलक्या हातानं खरवडायचं, जोर दिला तर कागद फाटतो. भुकटी फुंकून टाकायची. मग त्या जागेवर अंगठ्याचं नख घासायचं, नाही तर पुढे तिथे रेष मारली की शाई पसरते. बगिच्याएवढी जागा पांढरी करायला मला पाऊण तास लागला, आणि टेपचं टोक धरणारी ती मुलगी शेजारी बसून झोपाळे काढायची वाट बघत होती.